हनुवटी बधीर झाली, दाढ काढली, मग मायलोमा निघाला: आता दातांचं काय?

प्रश्न: माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. पाच महिन्यांपूर्वी त्यांची खालची डावी दाढ दुखायला लागली. रूट कॅनाल केलं, तरी दुखणं राहिलंच, म्हणून दीड महिन्याने दाढ काढली. त्यानंतर दोन दिवस रक्त झिरपत होतं. डाव्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधीर आहे. बाबा म्हणतात की दाढ काढायच्या आधीपासूनच तसं वाटत होतं. पुढे पाठ धरली, हिमोग्लोबिन ८ निघालं आणि तपासण्यांत मल्टिपल मायलोमा ठरला. आता हिमॅटॉलॉजिस्टनी (रक्तविकारतज्ज्ञांनी) हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात दाखवून यायला सांगितलंय. आधीच्या डेंटिस्टचं चुकलं का? दाढ काढल्यामुळे आजार पसरला का? आता दातांचं नेमकं काय करायचं? आणि ब्रश करताना माझ्याही हिरड्यांतून रक्त येतं. मी काही तपासून घेऊ का?

उत्तर:

पसरण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरातल्यांची झोप तोच उडवतो. दाढ काढल्यामुळे मायलोमा पसरलेला नाही. ‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो’ हे आपल्याकडे लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक काका सांगतो, पण मायलोमा हा एका जागी बसलेल्या गाठीचा आजार नाही. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी, ज्यांचं एरवीचं काम अँटिबॉडी बनवण्याचं, त्यांतल्या एका घराण्याच्या पेशी बेसुमार वाढतात. मज्जा पाठीच्या मणक्यांत आहे, फासळ्यांत आहे, कवटीत आहे आणि जबड्यातही आहे. बाबांची दाढ दुखायला लागली तेव्हा आजार त्यांच्या मणक्यांतही असणारच. दाढ राहिली असती तरी पाठ दुखलीच असती.

डेंटिस्टच्या चुकीबद्दल फाइल आणि एक्स-रे न पाहता निकाल देणार नाही. पण माझी मोजपट्टी सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. दाढ दुखतेय, किडलेली आहे, गार लागलं की कळ जाते आणि बराच वेळ राहते, अशा दाढेचं रूट कॅनाल करणं रास्तच. साठीच्या माणसाला दाढदुखी झाली की दाढच दोषी असण्याची शक्यता फार मोठी असते. मायलोमा जबड्यातून पहिल्यांदा डोकं वर काढतो हे क्वचित घडतं. प्रत्येक दाढदुखीला रक्ताचा कॅन्सर शोधणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. माझा आक्षेप असेल तर पुढच्या पायरीवर. व्यवस्थित रूट कॅनाल होऊनही दुखणं तसंच राहिलं आणि त्यात ओठ बधीर, तेव्हा थांबून नवीन एक्स-रे आणि साधी रक्ततपासणी व्हायला हवी होती का? हो, व्हायला हवी होती. मात्र रूट कॅनालचं औषध मुळाच्या टोकाबाहेर जाऊन खालच्या नसेला लागलं तरी ओठ बधीर होतो, आणि दाढ काढतानाही नस दुखावू शकते. समोर तयार कारण दिसत असताना दूरचं कारण सुचत नाही. हा निष्काळजीपणा असेलच असं नाही, पण सवयीचा भाग मात्र नक्की आहे.

या बधीरपणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाबांच्या हकिकतीतली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच होती.

खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो. अक्कलदाढेच्या मागून नस आत शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे जाते आणि उपदाढांच्या जवळ एका छोट्या छिद्रातून बाहेर येऊन खालचा ओठ आणि हनुवटीची कातडी यांना संवेदना देते. हाडात काहीही वाढलं, पू झाला, गाठ झाली, की या बोगद्यातल्या नसेला बाजूला सरकायला जागाच नसते. ती दबते. अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी मध्यरेषेपर्यंत बधीर होते. ओठ वाकडा होत नाही, कारण ओठ हलवणारी नस वेगळी. त्यामुळे बाहेरच्याला काही दिसत नाही, आणि रुग्णही सहसा आपण होऊन सांगत नाही. विचारावं लागतं: चहाच्या कपाची कड ओठाला लागलेली कळते का? जेवताना भाताचं शीत हनुवटीला चिकटलं आणि घरच्यांनी सांगेपर्यंत कळलंच नाही, असं झालंय का? दाढी करताना ती बाजू ‘परक्याची’ वाटते का? हे विचारलं की पन्नाशी-साठीचे पुरुष चमकून बघतात, कारण यातलं काहीतरी त्यांच्याकडे घडलेलं असतं पण ‘आजार’ म्हणून त्यांनी ते मोजलेलं नसतं.

तपासायची पद्धत साधी आहे. डोळे मिटायला सांगायचे. कापसाचा बारीक तंतू आधी चांगल्या बाजूला फिरवायचा, मग दुसऱ्या. नंतर बोथट आणि टोकदार, दोन्ही आळीपाळीने. जिथून स्पर्श कळेनासा होतो तिथे कातडीवर पेनाने ठिपके द्यायचे, ते जोडायचे आणि फोटो काढून ठेवायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पट्टा वाढतोय की आकसतोय हे त्या दोन फोटोंवरून कळतं. बाबांचं हे आजच करून घ्या. उपचार सुरू झाल्यावर तुलनेला पाया राहील. मायलोमावरच्या उपचाराने दाब कमी झाला की काही रुग्णांची संवेदना हळूहळू परत येते, काहींची अर्धवट येते, काहींची येत नाही. नस किती काळ दबलेली होती यावर बरंच अवलंबून असतं.

दात काढणं, इम्प्लांट, रूट कॅनाल, मार लागणं, जंतुसंसर्ग ही हनुवटी बधीर होण्याची नेहमीची कारणं. त्यांतलं एकही सापडत नसेल तर यादी एकदम गंभीर होते: स्तनाच्या कॅन्सरसारखा दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलेला, लिम्फोमा, ल्युकेमिया, मायलोमा. म्हणून माझ्या ओपीडीत नियम असा आहे की कारण न सापडलेल्या बधीर हनुवटीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही. बी-१२ च्या गोळ्यांवर महिना-दोन महिने काढलेले रुग्ण पुण्यात मी पुष्कळ पाहतो. बी-१२ च्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते. एकाच बाजूची हनुवटी नेमकी मध्यरेषेपर्यंत बधीर होणं हे तिचं काम नव्हे.

आता एक्स-रे. बाबांचा जुना ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका पट्टीत दिसणारा एक्स-रे, काढलेला असेल तर शोधून ठेवा. मायलोमाच्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चिथावतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना गप्प बसवतात. दोन्ही एकदम. त्यामुळे जिथे हाड खाल्लं जातं तिथे कडेने नवं हाड उभं राहत नाही. चित्रात काळे, गोलसर डाग दिसतात, आणि त्यांना पांढरी किनार नसते. साध्या, सावकाश वाढणाऱ्या सिस्टला, म्हणजे हाडातल्या द्रव भरलेल्या पिशवीला, बहुतेक वेळा अशी किनार असते. हे डाग वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात, आणि त्यातही दाढांच्या मागे, जबड्याच्या कोनाकडे जास्त मिळतात, कारण मोठ्या वयात जबड्यातली रक्त बनवणारी मज्जा तिथेच उरलेली असते. याच कारणाने हाडांचा साधा आयसोटोप बोन स्कॅन मायलोमात फसवतो. तो नवं हाड बनण्याची जागा दाखवतो, आणि इथे तर ते बनणंच बंद. पूर्ण शरीराचा कमी मात्रेचा सीटी, एमआरआय किंवा पेट-सीटी करतात तो म्हणून. रिपोर्टमध्ये जबड्याचा उल्लेख नसेल तर रेडिऑलॉजिस्टना मुद्दाम विचारा, ‘डाव्या खालच्या जबड्याकडे बघितलं का?’ पुष्कळदा लक्ष मणक्यांवर आणि मांडीच्या हाडावर असतं, आणि ते बरोबरही आहे, पण आपल्याला जबडाही हवा.

दातांच्या डॉक्टरला सुगावा देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जिवंत दात. मुळाशी काळा डाग दिसतोय, पण दाताला गार स्प्रे लावला तर तो ठणठणीत प्रतिसाद देतो. आतली नस जिवंत असेल तर मुळाशी कुजण्याचा डाग यायचं कारण काय? तसंच किड नाही, हिरड्यांची पिशवी खोल नाही, तरी शेजारशेजारचे दोन दात अचानक हलायला लागले. किंवा काढलेल्या दाताची खाच भरून न येता तिथून लालसर, मऊ मांस वर येऊ लागलं. अशा मांसाचा तुकडा बायोप्सीला पाठवणं एवढंच योग्य. खरवडून टाकून देऊ नये.

काढल्यावर दोन दिवस रक्त झिरपलं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मायलोमात याची कारणं एकात एक गुंतलेली असतात: मज्जेत जागा न उरल्याने प्लेटलेट कमी, मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते एकसारखं प्रथिन प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतं, आणि मूत्रपिंडं थकली असतील तर प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही नीट चिकटत नाहीत. दात काढण्याआधी ‘बीपी-शुगर आहे का’ एवढं विचारून भागत नाही, निदान साठीनंतर तरी. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, काही शे रुपयांत होते.

त्या सीबीसीत आणि नेहमीच्या हेल्थ चेकअपमध्ये मायलोमाचे धागे बरेचदा समोरच पडलेले असतात. हिमोग्लोबिन कमी आणि कारण सापडत नाही. ईएसआर शंभरच्या वर. स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचलेल्या. एकूण प्रथिन जास्त पण अल्ब्युमिन कमी, म्हणजे ग्लोब्युलिन वाढलेलं. क्रिएटिनिन चढलेलं. कॅल्शियम चढलेलं, आणि त्यामुळे खूप तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती. यातली एकेक गोष्ट घेतली तर शंभर कारणं निघतील. दोन-तीन एकत्र आल्या तर मायलोमाचं ते प्रथिन आणि त्याचे छोटे तुकडे (लाइट चेन) शोधणाऱ्या सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या लावायच्या. लघवीच्या साध्या पट्टीवर भरवसा ठेवू नये. ती अल्ब्युमिन पकडते, मायलोमाच्या लाइट चेन तिच्या हातून निसटतात. बाबांचं निदान झालेलंच आहे, पण तुमच्या नात्यागोत्यात कुणा काका-मावशीची पाठ सहा महिने दुखतेय आणि रक्त भरत नाहीये, तर हा परिच्छेद त्यांच्यासाठी समजा.

जिभेबद्दल थोडक्यात. मायलोमाच्या काही रुग्णांत तेच प्रथिन चिकट धाग्यांच्या रूपात अवयवांत साचतं. याला ॲमिलॉइडोसिस म्हणतात. ते जिभेत साचलं की जीभ जाड आणि घट्ट होते, कडांवर दातांचे ठसे उमटतात, बोलणं बोबडं होतं. कवळी वापरणारा माणूस ‘कवळी अचानक बसेनाशी झाली’ अशी तक्रार घेऊन येतो, आणि बिचाऱ्या कवळीला घासत बसतात. डोळ्यांभोवती आपोआप जांभळे डाग येत असतील तर तेही याच गटातलं लक्षण. बाबांच्या जिभेच्या कडा आरशात बघा, आणि ठसे दिसले तर हिमॅटॉलॉजिस्टना सांगा. त्यांना मग हृदय आणि मूत्रपिंडंही त्या नजरेने तपासावी लागतात. ठसे नुसते दात आवळण्याच्या सवयीनेही पडतात, म्हणून दिसले की लगेच घाबरायचं कारण नाही.

आता तुमचा खरा कामाचा प्रश्न: इंजेक्शनाआधी काय करायचं.

झोलेड्रॉनिक ॲसिड हाड खाणाऱ्या पेशींना रोखतं. मायलोमात ते बहुधा ४ मिलिग्रॅम, शिरेतून, सुरुवातीला दर तीन-चार आठवड्यांनी देतात. मणके खचणं, हाडं मोडणं यापासून ते वाचवतं, दुखणं कमी करतं. औषध उत्तम आहे, हे आधी ध्यानात घ्या. पण जबड्याचं हाड रोजच्या चावण्याने सतत झिजतं आणि सतत नव्याने घडतं, वर त्याच्यावर पातळ हिरडी आणि पलीकडे जंतूंनी भरलेलं तोंड. झीज-भर थांबलेल्या अशा हाडात दात काढला तर कधी कधी खाच भरतच नाही, हाड उघडं पडतं आणि मरतं. उघडं हाड आठ आठवड्यांहून जास्त राहिलं, रुग्णाने असं औषध घेतलेलं आहे आणि जबड्याला रेडिएशन दिलेलं नाही, तर त्याला औषधामुळे झालेला जबड्याचा नेक्रोसिस म्हणतात. झोलेड्रॉनिक ॲसिड ज्या गटातलं आहे त्या बिस्फॉस्फोनेट औषधांमुळे हे होतं असं पहिल्यांदा छापून आलं २००३ मध्ये. जबड्याचं हाड मरण्याचा असा प्रकार त्याच्याही शंभर-दीडशे वर्षं आधी युरोपातल्या आगकाड्यांच्या कारखान्यांत पाहिला गेला होता. तिथे कामगार पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करत.

कॅन्सरच्या मात्रेत ही औषधं घेणाऱ्यांपैकी शंभरात पाचांपेक्षा कमी जणांना हा त्रास होतो, आणि औषध जितकं लांबतं तितका धोका वाढतो. सगळ्यात मोठं निमित्त म्हणजे दात काढणं, त्याखालोखाल घासणारी कवळी आणि सडलेल्या हिरड्या. म्हणून सगळी मारामारी पहिल्या इंजेक्शनाच्या आधी करायची.

त्या भेटीत डॉक्टरांनी नवीन ओपीजी काढायला हवा, प्रत्येक दात ठोकून, हलवून बघायला हवा, हिरड्यांच्या पिशव्यांची खोली मोजायला हवी. जे दात वर्षभरात दगा देणार हे दिसतंय ते आत्ताच काढायचे, धारदार हाड घासून गुळगुळीत करायचं, हिरडी टाक्यांनी बंद करायची. काढण्याआधी प्लेटलेट ५० हजारांच्या वर आहेत याची खात्री हवी, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुरेशा आहेत का ते हिमॅटॉलॉजिस्टना विचारून. वाचणारे दात रूट कॅनालने वाचवायचे. फिलिंग, स्केलिंग उरकायचं. अर्धवट वर आलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढ काढायची. हाडात पूर्ण गाडलेली, गप्प बसलेली असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही. कवळी असेल तर ती कुठे टोचते का ते बघून कड कमी करायची. दात काढले असतील तर हिरडी पूर्ण झाकली जाईपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, हाडांचं इंजेक्शन थांबवावं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. थांबायचं ते फक्त हाडांचं इंजेक्शन. मायलोमाची मुख्य औषधं, बोर्टेझोमिब, लेनॅलिडोमाइड, डेक्सामेथासोन यांपैकी जी काही ठरली असतील ती, दातांसाठी अडवून धरू नका. आणि कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढलं असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिडही थांबू शकत नाही. तेव्हा दात मागे. एखादी मात्रा आधी गेली म्हणून आभाळ कोसळत नाही. हा क्रम हिमॅटॉलॉजिस्ट आणि दातांचे डॉक्टर यांनी फोनवर बोलून ठरवायचा असतो. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका, दोघांना थेट बोलायला लावा.

बाबांच्या बाबतीत माझं पहिलं लक्ष त्या जुन्या, काढलेल्या दाढेच्या जागेवर असेल. साडेतीन महिने झालेत. वरून हिरडी भरलेली आहे का, दाबल्यावर पू येतो का, एक्स-रेत खाच भरत आलीय की तशीच काळी आहे? ती जागा मायलोमाच्या डागावरच असेल तर ती साध्या खाचेसारखी भरणार नाही. तिथे हाड पातळ झालं असेल तर कडक चावल्याने जबडा मोडूही शकतो. ओपीजीत शंका वाटली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमिती स्कॅन, काढावा. तोवर डाव्या बाजूने चिक्की, भाजलेले चणे, मटणाचं हाड असलं काही नको.

पुण्यात हे कुठे दाखवायचं? तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टच्या रुग्णालयातच दंतविभाग असेल तर तिथेच, कारण कागद आणि माणसं एका छताखाली राहतात. नाहीतर दंतमहाविद्यालयांत ‘ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी’ विभागात जा: धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला. वेळ जातो, रांग असते, पण एक्स-रे, हिरड्या, सर्जरी हे सगळे विभाग एका इमारतीत मिळतात. रोजच्या फॅमिली डेंटिस्टकडेही हे काम होऊ शकतं, फक्त त्यांनी हिमॅटॉलॉजिस्टशी बोलायची तयारी दाखवली पाहिजे.

इंजेक्शन सुरू झाल्यावर नियम उलटा: होता होईतो दात काढायचा नाही. तुटलेल्या दातालाही रूट कॅनाल करून वरचा भाग कापून मुळं आत ठेवतात, तेच बरं. इम्प्लांट नकोच. स्केलिंग, फिलिंग, सुन्न करण्याचं इंजेक्शन यांना हरकत नाही. आणि कुठल्याही दातांच्या डॉक्टरने ‘औषधं काय चालू आहेत?’ विचारलं की लोक बीपीची, शुगरची गोळी सांगतात. महिन्याला एकदा डे-केअरमध्ये जाऊन घेतलेलं इंजेक्शन ‘औषध’ म्हणून आठवतच नाही. बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या मात्रेची तारीख. औषध बंद होऊन वर्षं लोटली तरी ही चिठ्ठी फेकू नका, कारण झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं टिकतं. त्याऐवजी डेनोसुमॅब दिलं तर त्याचा परिणाम साधारण सहा महिन्यांत ओसरतो, पण ते मनाने मध्येच बंद करणं मणक्यांना घातक ठरू शकतं.

जाता जाता, हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा हेच इंजेक्शन घेणाऱ्या आया-मावश्या हे वाचून घाबरतील. त्यांची वर्षभराची एकूण मात्रा कितीतरी कमी असते आणि जबड्याचा धोकाही फारच कमी. औषध सोडू नका, दात तेवढे तपासून घ्या.

दातदुखीला मेडिकलमधून आणलेल्या गोळीबद्दल मात्र मी कडक आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक असलेली एकही गोळी बाबांनी घ्यायची नाही. मायलोमात लाइट चेन मूत्रपिंडाच्या नळ्या आधीच बुजवत असतात. त्यावर ही गोळी पडली की मूत्रपिंड कोलमडायला वेळ लागत नाही. गेल्या पाच महिन्यांत दाढेसाठी त्यांनी किती आणि कुठल्या गोळ्या घेतल्या ते आठवून हिमॅटॉलॉजिस्टना सांगा. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून, आणि पाणी भरपूर.

उपचार चालू असताना तोंडात काय काय होतं? डेक्सामेथासोनमुळे जिभेवर-टाळूवर पांढरी बुरशी येते, शुगर चढते. बोर्टेझोमिबवर नागीण उठण्याची शक्यता वाढते, म्हणून सोबत ॲसायक्लोव्हिर देतात. टाळूच्या एकाच बाजूला बारीक फोड आणि प्रचंड आग झाली तर ‘तोंड आलंय’ म्हणून जिरं-खडीसाखर देत बसू नका, त्याच दिवशी कळवा. हाडांच्या इंजेक्शनानंतर तोंडाभोवती दोन्ही बाजूंना आणि बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. हनुवटीच्या एका बाजूच्या बधीरपणापेक्षा हे वेगळं, आणि तातडीचं. ऑटोलोगस ट्रान्सप्लांट (रुग्णाच्याच मूळपेशी परत देणं) ठरलं तर त्याआधीच्या मेल्फालान या केमोच्या मोठ्या मात्रेने तोंड सोलवटून निघतं. औषध चढत असताना तोंडात सतत बर्फ ठेवला की रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या कातडीपर्यंत कमी पोचतं आणि जखमा खरोखर कमी होतात. स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय आहे. बर्फ अर्थात रुग्णालयाच्या शुद्ध पाण्याचा, कोपऱ्यावरच्या रसवंतीतला नव्हे. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या सांगितल्या तर त्यावर लगेच चहा घेऊ नये, दात तपकिरी होतात. पुणेकराला हा पथ्याचा सगळ्यात अवघड भाग वाटतो.

राहिल्या तुमच्या हिरड्या. मायलोमा सहसा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा आजार नाही. जवळच्या नात्यात धोका किंचित जास्त असतो, पण त्यासाठी तुम्ही आत्ता इलेक्ट्रोफोरेसिस करत बसू नये. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येण्याचं कारण जवळजवळ नेहमीच दातांवर साचलेला थर असतो, आणि तो साफ केला की पंधरा दिवसांत रक्त थांबतं. ज्या हिरड्यांना मी घाबरतो त्या वेगळ्या दिसतात. काही आठवड्यांत फुगून दातांवर चढलेल्या, फिकट किंवा जांभळट, हात न लावता रात्री उशीवर रक्त सांडणाऱ्या, सोबत ताप, धाप, अंगावर लाल ठिपके किंवा काळेनिळे डाग. हे अक्यूट ल्युकेमियाचं चित्र, त्यातही मोनोसाइट जातीच्या पेशींचा ल्युकेमिया हिरड्यांत शिरतो. तिथे स्केलिंग करत बसायचं नसतं, त्याच दिवशी सीबीसी आणि स्मिअर. नुसत्या फुगलेल्या हिरड्या बीपीच्या ॲम्लोडिपिनने किंवा फिटच्या फेनिटॉइननेही होतात, त्या मात्र महिनोन्‌महिने सावकाश वाढतात.

तुम्ही स्केलिंग करून घ्या. मऊ ब्रश घ्या, आणि रक्त येतं म्हणून ती जागा घासायची टाळू नका, कारण टाळलं की थर आणि रक्त दोन्ही वाढतं. पंधरा दिवसांनंतरही रक्त तसंच राहिलं तर एक सीबीसी करा. बाबांच्या तपासणीला निघाल तेव्हा जुना आणि नवा ओपीजी, रूट कॅनालच्या वेळचे छोटे एक्स-रे, मायलोमाच्या निदानाचे कागद, ताजी सीबीसी, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम सोबत ठेवा. आणि बधीर पट्ट्याचा तो फोटो मोबाइलमध्ये असू द्या.